पाचवीचा कागद

पुष्पाबाईला चौथं लेकरू झालं ते साल चौसष्टचं. लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि त्या आठ वर्षांत बीबी गावातल्या त्या माळ्याच्या घरातून तीन लहान जीव मातीत गेले होते. पहिला मुलगा बारा दिवसांचा होऊन गेला, मुलगी दोन महिन्यांची होऊन, आणि तिसरा तर घरभर चालायला लागला होता. चौथी ही मुलगी श्रावणात झाली. तिच्या आजीनं, सत्यभामाबाईनं, तिचं नाव धोंडी ठेवलं, गालाला काजळ फासलं आणि पाहायला येणाऱ्या बायांना सांगितलं, "काय पाह्यता, हाय एक धोंडा, पडला हाय घरात." चांगल्या नावाच्या लेकरावर मरणाची नजर आधी जाते, वाईट नावाचं त्याला दिसत नाही, असं तिकडची माणसं धरून चालत.

त्याच साली, धोंडी पोटात असताना, सत्यभामाबाई अक्षरं शिकली. गावात प्रौढांचा वर्ग निघाला होता. नारायणराव गुरुजी दिवेलागणीला कंदील घेऊन मारुतीच्या पारावर बसत आणि घरोघर जाऊन माणसं ओढून आणत. सत्यभामाबाईची पन्नाशी उलटली होती. ती म्हणाली, "गुर्जी, या हातानं आजपावतो खुरपं धरलं. पेन्सिल कशी धरू?"

"खुरप्यासारखीच धरा," गुरुजी म्हणाले.

तिनं तशीच धरली. त्यामुळे तिची अक्षरं दणकट यायची, एकेक वांग्याएवढं. मोतीराम नावाचा एक म्हातारा, नात्यानं तिचा चुलत दीर, शेजारी पाटी घेऊन बसायचा. तो म्हणायचा, "वैनी, तुमच्या एका 'क'ले अख्खा वाफा लागते." सत्यभामाबाई म्हणायची, "तुह्या अक्षरावानी मेथी नाई पेरत म्या." पण वर्ग संपला तेव्हा ती पास झाली आणि बाजारातल्या पाट्या मोठ्यानं वाचत हिंडू लागली.

आता पाचवीचं सांगतो. बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी सांजेला पाटा-वरवंटा मांडून त्याला हळदकुंकू वाहतात. शेजारी दिवा ठेवतात, आणि एक कोरा कागद, बोरू आणि शाईची वाटी. सटवाई येते, बाळाचं नशीब लिहिते आणि जाते. कोणी जागं राहून पाहायचं नाही, काय लिहिलं ते विचारायचं नाही. सत्यभामाबाईनं आधीच्या तीन नातवंडांच्या वेळी असाच कोरा कागद दुकानातून आणून ठेवला होता आणि सकाळी तसाच उचलला होता.

चौथ्या वेळी कागद तिनं आपल्या वहीतून फाडला. दुपारची वेळ होती, बाळंतीण झोपली होती, पोर तिच्या कुशीत होती. सत्यभामाबाई कागद समोर घेऊन बसली. तिच्या मनात आलं, देवीला लिहिता येतं म्हणजे वाचताही येत असेलच. मग जे आजवर नुसतं मनात म्हणत आलो ते तिला लिहूनच सांगितलं तर काय बिघडलं? तिनं पेन्सिल खुरप्यासारखी धरली आणि लिहिलं, "पोरीले राहू दे." गुरुजींनी हे वाक्य कधी घोटून घेतलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं पहिलं वाक्य होतं. लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. तिनं कागद पाट्याजवळ ठेवला आणि पूजा केली.

सकाळी उठून पाहते तो शाईची वाटी तशीच काठोकाठ, बोरूचं टोक कोरडं. तिनं कागद उचलला. या कडेपासून त्या कडेपर्यंत तिचीच अक्षरं पसरली होती. देवीनं लिहावं म्हटलं तर बोटभर जागा शिल्लक नव्हती.

तेवढ्यात अंबूबाई सुईण पूजा उचलायला आली. "कागद कुठी गेला?"

"ठेवला म्या उचलून."

"कोरा होता न? भरला कागद दिसला तं देवी आल्या पावली वापस जाते, सत्यभामा. मंग त्या लेकराच्या कपाळी काईच नसते. ना चांगलं ना वाईट."

"कोराच होता," सत्यभामाबाई म्हणाली.

अंबूबाई निघून गेली, पण तिचं बोलणं घरात राहिलं. सत्यभामाबाईनं तो कागद ज्वारीच्या कणगीत खाली दडवला. मुलाला, शालिग्रामला, सांगितलं नाही, सुनेला तर नाहीच. पुढे कार्तिकात धोंडीला ताप यायला लागला. एक दिवस बरी, दुसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं. वैद्याचा काढा झाला, दृष्ट काढून झाली. मूठभर पोर, सहा महिन्यांची झाली तरी मान नीट धरत नव्हती. शालिग्राम म्हणायचा, ऋतूचा ताप आहे. अंबूबाई म्हणायची, घराण्यातच आहे. सत्यभामाबाई कणगीकडे पाहायची. तिला ठाऊक होतं की आधीची तीन लेकरं देवीनं लिहिलं तेवढं जगली. या पोरीसाठी काही लिहिलंच गेलं नव्हतं, आणि ते आपल्याच हातानं झालं होतं.

माघात गुरुजींनी बातमी आणली. वर्ग सगळाच्या सगळा पास झाला म्हणून पंचायतीनं एस.टी.ची एक गाडी ठरवली होती आणि सगळ्यांना अजिंठ्याची लेणी दाखवायची होती. पारावर बसून ते लेण्यांची माहिती सांगू लागले. डोंगर कोरून केलेले विहार, पावसाळ्यात तिथं राहणारे भिक्षू, भिंतीवरची चित्रं. ऐकता ऐकता माणसं पेंगू लागली. मग ते म्हणाले, "एका लेण्यात एक देवी आहे. मांडीवर लेकरू आणि पायाशी लेकरांची शाळा. पाट्या घेऊन बसलीत पोरं."

सत्यभामाबाईची झोप उडाली. लेकरं आणि लिहिणं, दोन्ही जिच्याजवळ ती दुसरी कोण असणार? पाटा-वरवंटा मांडून आपण जिला बोलावतो, तिचं ठाणं हे.

"गुर्जी, माही सून आन् नात बी येईल," ती म्हणाली.

"पोरीला ताप असतो ना तुमच्या?"

"म्हणूनच म्हणतो."

गुरुजींना त्याचा अर्थ लागला नाही, पण गाडीत जागा होती.

गाडी पहाटे निघाली. चिखली गेलं, बुलढाणा गेलं, धाडजवळ ऊन वर आलं. मोतीराम दिसेल ती पाटी वाचत होता, पुलाचा नंबरसुद्धा. मागून कोणीतरी म्हणालं, "अबे मोतीराम, अजिंठ्यापावतो तरी थांब, नाईतं अक्षरं संपतीन." पुष्पाबाई खिडकीपाशी बसली होती. ती कमी बोलणारी बाई होती, आणि तिसरं लेकरू गेल्यापासून तर विचारलं तेवढंच बोलायची. मांडीवरच्या धोंडीची आज तापाची पाळी होती. सत्यभामाबाईच्या कमरेच्या पिशवीत दोन कागद होते, एक कणगीतला भरलेला आणि एक नवा कोरा. कोरा कागद देवीच्या पायाशी ठेवायचा, चूक कबूल करायची आणि म्हणायचं, आता लिही. एवढंच तिला करायचं होतं. त्यासाठी ती एवढ्या लांब आजारी पोर घेऊन निघाली होती, आणि पोरीला वाटेत काही झालं तर सुनेला काय तोंड दाखवायचं हे तिनं मनात येऊ दिलं नव्हतं.

अकराच्या सुमारास ती मंडळी पायऱ्या चढून वर आली. खाली वाघोरा नदी, तिच्यावर घोड्याच्या नालासारखा वळलेला डोंगर आणि डोंगराच्या कमरेला ओळीनं दारं. पहिल्या लेण्याबाहेर सगळ्यांनी वहाणा काढल्या. आत काळोख होता. दारात एक माणूस मोठा आरसा धरून उभा होता. तो बाहेरचं ऊन आत फेकायचा आणि आतला दुसरा माणूस पांढऱ्या कापडाच्या चौकटीवर ते झेलून भिंतीवर फिरवायचा. उजेड जाईल तिथं राजे, हत्ती, बाया, फुलं उगवायची आणि तो सरकला की पुन्हा मावळायची. छताकडे मान करून मोतीराम म्हणाला, "हे वांगं हाय."

"फळ आहे काहीतरी," गुरुजी म्हणाले.

"गुर्जी, चाळीस वर्षं वांगे केले म्या. देठ पाह्यजा."

बाकीचे त्या देठावरून वाद घालत राहिले. सत्यभामाबाईनं सुनेचा हात धरला आणि दुसऱ्या लेण्याकडे चालू लागली.

या लेण्याच्या तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या होत्या, ठेंगण्या दाराच्या, आत अंधार. भिक्षू तिथं राहायचे म्हणे. सत्यभामाबाईला त्या बाळंतिणीच्या खोल्यांसारख्या वाटल्या, तशाच थंड आणि तशाच टीचभर. समोरच्या मोठ्या गाभाऱ्यात बुद्ध बसले होते. तिनं त्यांना हात जोडले आणि उजव्या अंगाच्या लहान गाभाऱ्यापाशी गेली.

तिथं खरंच देवी होती. अंगानं भरलेली, पाय खाली सोडून बसलेली, शेजारी तिचा धनी, आणि मांडीवर लेकरू. आरसेवाला या लेण्याच्या दारात येऊन उभा राहिला होता आणि चौकट धरणारा त्यांच्या मागोमाग आत आला होता. उत्तमराव त्याचं नाव, फर्दापूरचा राहणारा, अंगात खाकी. त्यानं चौकट तिरपी केली आणि उजेड खाली उतरला. तिथं पायाशी लेकरांची रांग होती. एका टोकाला छडी घेतलेला मास्तर, त्याच्यापुढं पाट्या घेतलेली पोरं, आणि मागची पोरं शिकायचं सोडून खेळात रमलेली. पार टोकाला तर एडके होते.

तेवढ्यात गुरुजींबरोबर बाकीची मंडळी आली. मोतीरामनं खाली वाकून पाहिलं. "गुर्जी, हा आपलाच वर्ग हाय. म्या तो, एडक्यापाशी."

"तुम्ही तिथंच होता," गुरुजी म्हणाले, आणि सगळे हसत पुढच्या लेण्याकडे गेले.

सत्यभामाबाई मागे राहिली. तिनं कोरा कागद काढला आणि वाकली. उत्तमरावानं हात आडवा धरला.

"बाई, इथं काही ठेवायचं नाही. कुंकू नाही, तेल नाही, काही नाही."

"दादा, नुसता कोरा कागद हाय."

"कोरा असू द्या नाहीतर भरलेला. लोक इथं खिळ्यानं आपली नावं कोरून जातात. त्यासाठीच आम्हाला ठेवलंय."

"म्या नाई लिवत. तिनं लिवावं म्हणून ठेवाचा हाय."

"कोणी?"

"सटवाईनं."

उत्तमराव हसला नाही. त्यानं चौकट दुसऱ्या हातात घेतली. "ही सटवाई नव्हे, बाई. हिचं नाव हारीती."

मग तो सांगू लागला. सांगायची त्याला सवय होती, पण साहेबलोकांना सांगतो तसं त्यानं घाईनं सांगितलं नाही. ही आधी लेकरं खाणारी होती. गावागावातून लोकांची लेकरं उचलायची. हिची स्वतःची पाचशे. लोक रडत बुद्धांकडे गेले. बुद्धांनी हिचं सगळ्यांत धाकटं पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ही सात दिवस रानोमाळ हिंडली, ऊर बडवला, शेवटी त्यांच्याच पायाशी आली. ते म्हणाले, तुझी पाचशे, त्यातलं एक दिसेना तर तुझी ही गत. ज्यांचं एकच असतं त्यांचं काय होत असेल? त्या दिवसापासून ती लेकरं राखायला लागली.

"पाचशे होते म्हणता हिले," सत्यभामाबाई म्हणाली. तिच्या हातातला कागद लोंबत होता. "त्यातलं एक गेलं तं एवढं."

"एक गेलं तरी तेवढंच असते," मागून पुष्पाबाई म्हणाली.

ती खांबाला टेकून खाली बसली होती. धोंडी तिच्या पदराखाली कण्हत होती. सत्यभामाबाईनं तिच्याकडे पाहिलं. ही देवी सटवाई नव्हती. हिच्याकडे लिहायचं काम नव्हतं. मागायचं कुणाकडे ते आता उरलं नव्हतं, आणि लपवण्यातही काही राहिलं नव्हतं. ती सुनेजवळ बसली.

"पुष्पा, मले तुले एक सांगाचं हाय. तू मले घरात ठेव नाईतं काढून दे."

"काय झालं आत्याबाई?"

सत्यभामाबाईनं पिशवीतून कणगीतला कागद काढला. पाचवीच्या दुपारपासून अंबूबाईच्या बोलण्यापर्यंत सगळं सांगितलं. थांबत थांबत सांगितलं, डोळे खाली ठेवून. "देवीले जागा नाई ठेवली म्या. ती वापस गेली. तुह्या पोरीच्या कपाळी काईच नाई, आन् ते माह्यामुळं."

पुष्पाबाईनं पोरीवरचा पदर नीट केला. उत्तमराव चौकट धरून उभा होता. त्याला जायचं होतं की थांबायचं होतं ते त्यालाच ठरवता येत नव्हतं. दारातल्या माणसानं बाहेरून विचारलं, आरसा फिरवू का. त्यानं नको म्हणून खूण केली.

"तीन डाव तुमी कोरा ठेवला होता," पुष्पाबाई शेवटी म्हणाली.

"हाव."

"कोऱ्यावर तिनं काय लिवलं ते पाह्यलं न आपण तिन्ही डाव."

सत्यभामाबाईनं मान वर केली.

"बारा दिवस लिवले. दोन महिने लिवले. माह्या गण्यासाठी दीड वर्ष लिवलं," पुष्पाबाई म्हणाली. रागानं नव्हे, वाफ्यातली रोपं मोजावीत तसं म्हणाली. त्या मुलाचं नाव तिनं दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढलं होतं. "वापस गेली असन तं बरंच झालं, आत्याबाई. काय लिवलं हाय तुमी? वाचा."

"आता इथं?"

"मले कोणी काई वाचून नाई दाखवलं आजपावतो. वाचा."

सत्यभामाबाईनं कागद गुडघ्यावर सरळ केला. तिथवर येणारा उजेड पुरेना म्हणून उत्तमरावानं काही न बोलता चौकट कलती केली. दगडातल्या पोरांवरचा उजेड सरकून तिच्या गुडघ्यावर आला. तिनं एकेका अक्षराखाली बोट ठेवलं आणि वर्गात वाचायची तशी मोठ्यानं वाचलं, "पोरीले राहू दे."

"अजून एक डाव."

तिनं पुन्हा वाचलं. पुष्पाबाईनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. मग सासूच्या दुसऱ्या हातातला कोरा कागद घेतला, त्याची घडी घातली आणि त्यानं पोरीला वारा घालू लागली.

"हे बरोबर लिवलं तुमी," ती म्हणाली. "पण निसतं लिवून ठेवलं. चार महिने झाले ताप हाय तिले. आपण दृष्ट काढून राह्यलो, काढा पाजून राह्यलो आन् वाट पाहून राह्यलो. कोणी लिवलं असन तेच होईन म्हणून. मीबी तेच करून राह्यली होती. मले वाटे, हेबी जाणारच हाय, मंग जीव कायले लावू."

आपल्या मनात भीती होती तशी सुनेच्याही मनात काही असेल, हे सत्यभामाबाईला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं. दोघी एकाच चुलीशी बसत होत्या, एकीच्या मांडीवरची पोर दुसरीच्या मांडीवर जात होती, आणि दोघींनीही एकमेकींना काही विचारलं नव्हतं.

बाहेर कुठल्याशा शाळेची पोरं आल्याचा गलका झाला. उत्तमराव म्हणाला, "आता उजेड तिकडं न्यावा लागंल, माय." त्यानं चौकट उचलली. देवी, तिच्या मांडीवरचं लेकरू आणि खालची शाळा पुन्हा अंधारात गेली. सत्यभामाबाईनं दोन्ही हात जोडले, पण काही मागितलं नाही.

पुढची लेणी दोघींनी पाहिली नाहीत. त्या खाली उतरून वाघोरेच्या काठी बसल्या. सत्यभामाबाईनं पदर भिजवला आणि पोरीचं डोकं पुसत राहिली. चारच्या सुमारास मंडळी परत आली. मोतीराम सांगत होता की शेवटच्या लेण्यात बुद्ध आडवे झोपलेले आहेत, या खळ्यापासून त्या खळ्यापर्यंत लांब. गाडी सुटायच्या आधी पुष्पाबाई उठून गुरुजींसमोर उभी राहिली. गावच्या एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"गुर्जी, बुलढाण्याले गाडी थांबवा. पोरीले मोठ्या दवाखान्यात दाखवाचं हाय."

"उशीर होईल बाई. सगळ्यांना थांबावं लागेल."

"थांबतीन," सत्यभामाबाई म्हणाली. "मोतीराम थांबन. तो तितक्या वेळात बुलढाणा वाचून काढन."

"वैनी, बुलढाणा मोठं हाय," मोतीराम म्हणाला. "मले घाई नाई."

सरकारी दवाखान्यात दिवे लागले होते. डॉक्टरांनी पोरीचं बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं की दिवसाआड थंडी वाजून येते का. हिवताप आहे, म्हणाले, आणि इतके दिवस काय करत होता, असंही म्हणाले. त्यांनी गोळ्या दिल्या, चुरून दुधातून किती आणि कधी द्यायच्या ते दोनदा सांगितलं, आणि एका कागदावर लिहूनही दिलं. गाडीत बसल्यावर सत्यभामाबाईनं तो कागद दिव्याखाली धरून पाहिला. अक्षर इंग्रजी होतं. तिला त्यातलं काही लागलं नाही.

"किती म्हणले?" तिनं सुनेला विचारलं.

"अर्धी सकाळी, अर्धी सांजेले. पाच दिवस."

"मंग ध्यानात ठेव," सत्यभामाबाई म्हणाली आणि पोरीला आपल्या मांडीवर घेतलं.

धोंडीचा ताप होळीच्या आत सुटला. मान धरायला तिनं आणखी महिना घेतला. तिच्या पाठीवर पुष्पाबाईला दोन मुलगे झाले. सत्यभामाबाई एकोणीसशे पंचाहत्तर साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारली. धोंडी तेव्हा अकरा वर्षांची होती.